एकास बारा

भद्रावती पेठेत लाइट गेली की
सगळे शिव्या देतात.
मी तेवढा उठून स्प्रेचा डबा हलवतो.
खालचे आठ माग थांबले की
भिंत थरथरायची थांबते,
टेबलावरचे स्क्रू जागेवर राहतात
आणि हवेतला कापूस
हळूहळू खाली बसतो.
पंधरा मिनिटं थांबायचं.
मग लाल.

मे महिन्यात तेही जमत नाही.
चव्वेचाळीस अंशांत रंग टाकीवर पोचायच्या आधी
हवेतच वाळतो, रव्यासारखा पडतो.
म्हणून पहाटे साडेचारला गच्चीवर,
पुठ्ठ्याच्या खोक्यात,
खारकेएवढी टाकी काडीवर टोचून धरलेली.
शेजारच्या कोंड्यालांची म्हातारी पाणी भरता भरता विचारते,
"काय रे गोवर्धन, कबाब?"

पूर्ण झाली तरी वीतभरही भरणार नाही ही गाडी.
पण रेसची गाडी आहे.
तिला आरसा नाही, हॉर्न नाही, मडगार्डावर लिंबू-मिरची नाही,
स्टँडसुद्धा नाही, कुणीतरी धरून उभं राहावं लागतं.

प्लगच्या वायरीला टॉवेलच्या काठाचा काळा दोरा घेतला.
दोऱ्याला केस फार. मेणबत्तीवरून तीनदा ओढला,
तेव्हा कुठे तो रबरासारखा दिसायला लागला.
ॲक्सल म्हणजे फणीची तुटलेली तार.
नंबराचं स्टिकर कापायला
विड्यांची पानं कापायची आईची कात्री.
सत्तावीस आकड्याला तंबाखूचा वास येतो,
तो कुणाला कळणार आहे?

सायलेन्सर जिथे वळतो तिथे
आधी पिवळट, मग जांभळा, मग निळा.
खरं लोखंड तापून असंच रंगतं.
मी ते रेसमध्ये पाहिलेलं नाही.
अक्कलकोट रोडला वेल्डिंगच्या दुकानात पाहिलंय,
चहा पिता पिता, पुष्कळदा.

साखळीला चार रात्री गेल्या.
एकशे बारा कड्या, चिमट्याच्या टोकावर एकेक.
मोजताना मी आपोआप तेलुगूत जातो,
ओकटी, रेंडू, मूडू,
कारण सूत मोजायला तसंच शिकवलेलं.
एक कडी उडाली की
फरशीवर ओणवा होऊन शोधायची,
कापसाच्या पुंजक्यांत, श्वास धरून.
तीन कड्या अजून सापडल्या नाहीत.

पाचव्या रात्री नायना वर आले.
चाळीस वर्षं जॉबर. मागावरची माणसं
घरातही ओरडूनच बोलतात.
"चालते का?"
"नाही."
"मग ऑइल कशाला लावतोस?"
"ते ऑइल नाही, तपकिरी रंग आहे."
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
गाडी डोळ्याजवळ नेली.
मी मनात म्हटलं, आरसे मोडणार. मग आठवलं, आरसे नाहीतच.

टाकीच्या लाल रंगात एक तंतू अडकलाय,
चारदा घासूनही राहिलेला.
"हा टॉवेलचा," ते म्हणाले, "चादरीचा नाही."
मी हसलो. ते हसले नाहीत.
मग मागच्या चाकापाशी नख टेकवून म्हणाले,
"साखळी फार ताणलीस.
सीट दबली, चाक वर गेलं, की ही तुटली.
खालून जरा लोंबू दे."

नायना, ही चालणार नाही कधी.
सीटवर कुणी बसणार नाही.
हे मी म्हणालो नाही.
सगळी साखळी सोडवली,
दोन कड्या वाढवल्या,
पुन्हा ओकटी, रेंडू.

आता ती अर्धा मिलिमीटर लोंबते.
फोटोत दिसत नाही.
नायनांनी भिंग मागून बघितली,
"हां" एवढंच म्हणाले,
आणि खाली जाता जाता
करंगळीनं मागचं चाक फिरवून गेले.
खाली माग चालू झाले.
टेबल थरथरत होतं,
चाक बराच वेळ थांबलं नाही.